नेट स्लो आहे? आधी एक वायर लावून बघा

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की घरातलं इंटरनेट स्लो चालत असेल तर कळवा, काय होतं, कधी होतं, काय काय करून बघितलं ते सगळं लिहा. पत्रं आणि मेल भरपूर आले आणि वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली, जवळजवळ प्रत्येकाने आधी पैसे खर्च केलेत. कुणी मोठा प्लॅन घेतला, कुणी नवा राउटर, कुणी वायफाय पुढे पोचवणारा रिपीटर, आणि नेट नेमकं कुठे अडतंय हे मात्र कुणीच मोजून बघितलेलं नाही. म्हणून यावेळी असे प्रश्न निवडलेत की ज्यात मोजायचं कसं हे पण सांगता येईल.

प्रश्न: आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. हॉलमध्ये बरं चालतं पण बेडरूममध्ये मोबाईलवर स्पीड टेस्ट केली की १५-१८ च्या वर आकडा जात नाही. कंपनीला फोन केला तर लाईन ओके आहे म्हणतात. ३०० चा प्लॅन घेतला तर बेडरूममध्ये निदान ५० तरी मिळतील का?

दादा, थांबा, ३०० घेऊ नका. घेतलात तरी बेडरूममध्ये तेच १८ मिळतील. कंपनीवाले लाईन ओके म्हणतात ते तुमच्या बाबतीत बहुतेक खरंच असणार, कारण हॉलमध्ये नीट चालतंय हे तुम्हीच लिहिलंय.

नेट तुमच्या मोबाईलपर्यंत येतं ते दोन टप्प्यांत. कंपनीपासून तुमच्या राउटरपर्यंत एक टप्पा, तो वायरवर, आणि राउटरपासून मोबाईलपर्यंत दुसरा, तो हवेतून. प्लॅनचा आकडा फक्त पहिल्या टप्प्याचा असतो. दुसऱ्या टप्प्याबद्दल कंपनीने काहीच कबूल केलेलं नसतं, तिथे तुमच्या भिंती, कपाटं आणि शेजाऱ्यांचे राउटर काय ते ठरवतात. त्यामुळे पहिलं काम म्हणजे हे दोन टप्पे वेगळे करून मोजायचे. लॅपटॉप घ्या, लॅन केबलने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, व्हीपीएन असेल तर तेही बंद, घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं काही बघू नका म्हणून सांगा, आणि मग टेस्ट करा, एकदा नाही, तीनदा. ९० ते ९५ च्या आसपास आलं तर लाईन चोख आहे, १०० पूर्ण दिसणार नाहीत कारण डेटाच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे लिहिलेला असतो त्यात थोडं जातंच. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो कुणाकडून तासभर मागून आणला तरी चालेल.

आता दुसरा टप्पा. मोबाईलमध्ये वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं अ‍ॅप टाका, ते सिग्नल डीबीएममध्ये दाखवतं, आकडा मायनसमध्ये असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरशेजारी -३० ते -४० दिसेल. -५० ते -६० म्हणजे छान, -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, -७० च्या खाली गेलं की रडारड सुरू, -८० ला नुसतं कनेक्ट झालेलं दिसतं, चालत काही नाही. इथे एक गोष्ट लक्षात घ्या की हे आकडे साध्या वजाबाकीने वाचायचे नसतात, दर १० ला सिग्नलची ताकद दहापट पडते, म्हणजे -५० वरून -७० वर आलात तर सिग्नल शंभरावा हिस्सा उरला. अ‍ॅप चालू ठेवून राउटरपासून बेडरूमपर्यंत हळूहळू चालत जा, कुठल्या पावलाला आकडा एकदम कोसळतो ते बघा, तिथेच तुमचा गुन्हेगार आहे.

मी हे एका नातेवाइकांकडे केलं होतं. राउटर टीव्हीच्या युनिटमध्ये, काचेच्या दाराआड, सेट टॉप बॉक्सच्या मागे कोंबलेला, वर फोटोफ्रेम. हात लावला तर चटका बसेल इतका गरम. दाराबाहेर उभं राहून -५५ येत होते, बेडरूममध्ये -७८. काही विकत आणलं नाही, फक्त राउटर बाहेर काढून पॅसेजमध्ये कपाटाच्या वर उघड्यावर ठेवला, त्यासाठी केबल दोन मीटर लांब लावावी लागली तेवढंच. बेडरूममध्ये -६१. त्या घरात दोन वर्षं ते लोक "या खोलीत रेंजच नाही" म्हणून बाहेर येऊन फोनवर बोलत होते.

तर राउटर घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीच्या वर, उघड्यावर. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी, फ्रिज यांच्या मागे अजिबात नको, आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो आणि पाणी ही लहर शोषून घेतं. बाहेर अँटेना असतील तर सिग्नल अँटेनाच्या टोकातून निघत नाही, तिच्याभोवती गाडीच्या टायरसारखा आडवा पसरतो, म्हणून अँटेना मोबाईलकडे रोखून ठेवण्यात अर्थ नाही, एकाच मजल्यावर वापर असेल तर सरळ उभ्या ठेवा, वरच्या मजल्यावर पोचवायचं असेल तर एखादी आडवी करा.

आणि मोबाईल कुठल्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कुठल्या पट्ट्यावर आहे तेही बघा. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं, भिंती बऱ्यापैकी पार करतं पण गर्दीचं आणि हळू. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत आली की लवकर दमतं. राउटर असलेल्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५ वापरा, त्यापलीकडे २.४. काही फोन एकदा २.४ ला चिकटले की राउटरसमोर येऊन बसलात तरी तिथेच राहतात, तेव्हा दोन्ही बँडना वेगवेगळी नावं देऊन हाताने निवडणं बरं पडतं.

प्रश्न: प्लॅन १०० चा, स्पीड टेस्टमध्ये ९४ दाखवतं, पण मोठी फाईल डाउनलोड करताना ११ च्या वर जात नाही. बाकीचा स्पीड कोण खातंय?

कुणी खात नाहीये. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसणारा मेगाबाइटचा, आणि ८ बिटांचा १ बाइट होतो. ९४ ला ८ ने भागा, पावणेबारा येतात. ११ म्हणजे तुमचं कनेक्शन उत्तम चाललंय, काहीही करू नका.

प्रश्न: मी घरून काम करते. स्पीड टेस्ट कधीही करा, ५० च्या ५० येतात. तरी मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो, चेहरा फ्रीज होतो, समोरचे म्हणतात "तुमचं नेट बघा". दोनदा तर महत्त्वाचं बोलताना असं झालं, फार ओशाळल्यासारखं होतं. नंतर लक्षात आलं की मुलगा कॉलेजातून घरी आला की हे जास्त होतं, पण तो म्हणतो मी काहीच डाउनलोड करत नाही.

ताई, तुमचा मुलगा खरं बोलतोय आणि तुमचं निरीक्षण पण बरोबर आहे. तो डाउनलोड करत नाहीये, त्याचा फोन अपलोड करतोय. घरी येऊन वायफाय लागलं की फोन दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतो, हे तो हाताने करतच नाही त्यामुळे त्याला माहीतही नसणार.

या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत हाच त्रास आहे आणि लोकांना त्याचं नावही माहीत नाही. त्याला बफरब्लोट म्हणतात. होतं असं की तुमच्या मोडेममध्ये (कंपनीची लाईन ज्याला येऊन लागते तो डबा) किंवा राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या डेटासाठी एक रांग असते. लाईन जेवढं उचलू शकते त्यापेक्षा जास्त आलं की बाकीचं रांगेत थांबतं. मेमरी स्वस्त झाली तशा कंपन्यांनी या रांगा लांबच लांब करून ठेवल्या, हेतू चांगला होता की काही फुकट जाऊ नये. पण हिशोब करून बघा, अपलोड ८ एमबीपीएस आहे आणि रांगेत १ मेगाबाइट डेटा साचलाय, म्हणजे ८ मेगाबिट, तो उपसायला बरोबर १ सेकंद लागणार. त्याच्या मागे तुमच्या आवाजाचं एवढंसं पाकीट उभं आहे, ते एक सेकंद उशिरा निघतं. बोलण्यात एका बाजूने साधारण १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर माणसाला जाणवत नाही, इथे त्याच्या सहा-सातपट झाला. स्पीड टेस्टच्या वेगाच्या आकड्यात हे दिसत नाही कारण तो एका सेकंदात किती पोती उचलली तेवढं सांगतो, प्रत्येक पोतं किती वेळ दारात थांबलं ते सांगत नाही.

रांग वाढून नेटवर्क कोसळणं हा इंटरनेटच्या लहानपणापासूनचा आजार आहे. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत बर्कलीला दोन संस्थांमध्ये, ज्यांच्यात अंतर होतं फक्त ४०० यार्ड, वेग ३२ हजार बिट्सवरून सेकंदाला ४० बिट्सवर आला होता. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि पाठवणाऱ्याने गर्दी दिसली की हात आखडता घ्यायचा ही पद्धत बसवली, जी आजही तुमच्या फोनमध्ये चालू आहे. पण ही पद्धत "पाकीट हरवलं" या खुणेवर चालते, आणि रांग प्रचंड लांब असली की पाकीट हरवतच नाही, नुसतं थांबून राहतं, त्यामुळे पाठवणाऱ्याला गर्दी कळतच नाही. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांना हाच त्रास स्वतःच्या घरच्या नेटवर सापडला आणि त्यांनीच हे बफरब्लोट नाव चर्चेत आणलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांगेत पाकीट किती वेळ थांबलंय त्यावरून रांग आवरणारी कोडेल नावाची युक्ती मांडली, तिचे सुधारलेले प्रकार आता बऱ्याच चांगल्या राउटरमध्ये असतात.

तुमच्याकडे हेच होतंय का ते दोन मिनिटांत कळेल. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत पिंग लिहून पुढे ८.८.८.८ हा बाहेरचा, गूगलचा पत्ता टाका (विंडोजमध्ये शेवटी मायनस टी जोडा म्हणजे ते थांबत नाही). दर सेकंदाला एक ओळ येईल, त्यात टाइमपुढे मिलिसेकंद, म्हणजे पाकीट जाऊन परत यायला लागलेला वेळ, यालाच पिंग म्हणतात. १२, १४, १३ असं काहीतरी येत असेल. आता मुलाच्या फोनवरून एक मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा आणि आकडे बघत बसा. १४ चे ९०, मग ३००, मग ८०० झाले आणि अपलोड थांबवल्याबरोबर परत १३ वर आले तर निदान पक्कं. एक काळजी मात्र घ्या, दुसऱ्या खिडकीत राउटरच्या स्वतःच्या पत्त्यालाही पिंग लावा, बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. तिथले आकडेही तसेच उड्या मारत असतील तर घोटाळा तुमच्या वायफायमध्ये आहे. राउटरपर्यंत २-३ मिलिसेकंद आणि बाहेर ८०० असेल तर रांग लाईनवर आहे.

उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये रांग आवरणारं, एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यूओएस अशा नावाचं काही आहे का बघा, ते चालू करा आणि अपलोड-डाउनलोडची मर्यादा वायरवर मोजलेल्या आकड्याच्या ९० टक्के टाका, अपलोड २० येत असेल तर १८. वेग मुद्दाम कमी करायचा हे विचित्र वाटेल, पण त्यामुळे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि राउटर तुमच्या आवाजाच्या छोट्या पाकिटांना मोठ्या फाईलच्या मागे ताटकळत ठेवत नाही. राउटरमध्ये ही सोय नसेल तर मुलाच्या फोनमधला फोटो बॅकअप रात्री बाराच्या पुढे होईल असं करा किंवा फोन चार्जिंगला असतानाच होऊ दे. आणि शक्य असेल तर कामाच्या लॅपटॉपला कायमची लॅन केबल लावा, व्हिडिओ कॉलला फार तर ३-४ एमबीपीएस लागतात, तुमच्या ५० मध्ये ते कधीच कमी पडणार नाहीत, फक्त ते वेळेवर पोचायला हवेत. यात तुमची चूक काहीच नव्हती, मीटिंगमध्ये ओशाळायचं कारण नाही.

प्रश्न: १०० वरून ३०० चा प्लॅन घेतला, नवा राउटर पण आणला. वायर लावून टेस्ट केली तरी ९४-९५ वर आकडा जणू खिळा ठोकल्यासारखा थांबतो. कंपनीचा माणूस म्हणतो आमच्याकडून ३०० सोडलेत.

९४-९५ हा आकडा वाचला की मला लगेच केबल दिसते. लॅनच्या जोडणीला ठरावीक पायऱ्या असतात, १०० आणि मग एकदम १०००. मधे काही नाही. तुमची जोडणी १०० च्या पायरीवर अडकली आहे आणि १०० च्या पायरीवर प्रत्यक्षात मिळतात ते ९४-९५ च.

केबलचं टोक उजेडात धरून बघा, पारदर्शक प्लगमध्ये आठ रंगीत तारा एका ओळीत दिसतील, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० साठी फक्त दोन जोड्या लागतात, १००० साठी चारही. आता आठातली एखादी तार प्लगमध्ये शेवटपर्यंत पोचलेली नसेल, किंवा दाराच्या फटीत सारखी दबून आतून तुटली असेल, तर बहुतेक उपकरणं काही न बोलता १०० वर उतरतात. नेट बंद पडत नाही म्हणून कुणाला शंकाच येत नाही. एका ओळखीच्यांच्या घरी आम्ही असंच अर्धा दिवस राउटरची सेटिंग खणत बसलो होतो, शेवटी मोडेम ते राउटर ही हातभर लांबीची केबल हातात घेतली तर एका टोकाला तपकिरी तार प्लगच्या आत जेमतेम निम्म्यापर्यंत होती, सोन्याच्या पट्टीला टेकलेलीच नव्हती. केबल बदलली आणि पोर्टचा दिवा नारिंगीचा हिरवा झाला, टेस्ट २९० च्या पुढे गेली.

दिव्याचे रंग प्रत्येक राउटरचे वेगळे असतात, तेव्हा लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, १०० लिहिलंय की १०००. केबलवर कॅट ५ ई किंवा कॅट ६ छापलेलं हवं, १०० मीटरपर्यंत दोन्ही गिगाबिट नेतात. मोडेम ते राउटर आणि राउटर ते लॅपटॉप, दोन्ही केबल तपासा. शिवाय नव्या राउटरचे पोर्ट खरंच गिगाबिटचे आहेत का तेही बघा, खोक्यावर वायफायचा मोठा आकडा छापलेला आणि मागची भोकं मात्र १०० चीच, असे राउटर अजून विकले जातात आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण घेणाऱ्याला हे कळायला काही मार्गच ठेवलेला नसतो.

प्रश्न: वरच्या खोलीत रेंज नव्हती म्हणून रिपीटर आणला. आता दांडे फुल्ल दिसतात पण स्पीड पूर्वीइतकाच रडका. रिपीटर खराब निघाला का?

खराब नसेल, जागा चुकली असेल. रिपीटर वरच्या खोलीतच लावलाय ना? मग त्याला स्वतःलाच मरतुकडा सिग्नल मिळतोय आणि तोच तो तुम्हाला जोरात ओरडून सांगतोय. दांडे फोन आणि रिपीटर यांच्यामधले आहेत, रिपीटर आणि राउटर यांच्यामधले नाहीत. त्याला मधल्या जागी, जिन्याजवळ वगैरे, जिथे राउटरचा सिग्नल अजून -६० च्या आसपास आहे तिथे लावा. तरी लक्षात ठेवा की साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. वर एक केबल नेऊन तिथे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरून आलेलं नेट वायफायने देणारा डबा म्हणून लावता आला तर त्याच्यासारखं सुख नाही. मेश (दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वायफाय देतात ते) घेणार असाल तर शक्यतो त्याचे डबेही आपापसात केबलने जोडा.

प्रश्न: सकाळी नेट पळतं, रात्री ९ ते ११ मध्ये यूट्यूब पण अडकतं. रोज. आमची सोसायटी मोठी आहे.

याला दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही "गर्दी" आहेत, पण एक तुम्हाला सोडवता येते आणि दुसरी येत नाही. रात्री नऊला पुन्हा तेच, वायर लावून टेस्ट. वायरवर नीट येत असेल आणि वायफायवर रडत असेल तर गर्दी हवेतली आहे, शेजारचे पंधरा-वीस राउटर एकाच वेळी बोलतायत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे बँडमधले छोटे पट्टे, तीनच, १, ६ आणि ११. राउटर ऑटोवर असेल तर बऱ्याचदा तो चालू करताना बघतो तेव्हाची परिस्थिती धरून बसतो. अ‍ॅपमध्ये बघून त्यातल्या त्यात मोकळा असलेला एक हाताने निवडा, ३ किंवा ८ निवडून मधे घुसू नका, त्याने दोन्हीकडचा गोंगाट मिळतो. चॅनेलची रुंदी २.४ वर २० मेगाहर्ट्झच ठेवा. आणि टीव्ही तर राउटरशेजारीच असतो बहुधा, त्याला केबल लावून टाका, सगळ्यात जास्त डेटा ओढणारं उपकरण हवेतून उठलं की बाकीच्यांना आपोआप जागा होते.

वायरवर पण रात्री कोसळत असेल तर मात्र गर्दी कंपनीकडे आहे. फायबर असलं तरी बऱ्याच ठिकाणी एकाच धाग्याचे फाटे करून ३२ किंवा ६४ घरांना दिलेले असतात, आणि जीपॉन नावाच्या फायबरच्या प्रकारात त्या सगळ्यांत मिळून साधारण २.५ गिगाबिट असतात. नुसतं एवढ्याने सहसा अडत नाही, त्याच्या पुढे कंपनीने बाहेरच्या जगाशी केलेली जोडणी तोकडी असते तिथे जास्त अडतं. आठवडाभर सकाळ, दुपार, रात्र असे वायरवरचे आकडे वेळेसकट लिहून ठेवा आणि तोच तक्ता तक्रारीसोबत पाठवा.

प्रश्न: लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायफाय मरतं. काढली की ठीक. योगायोग आहे का?

योगायोग नाही. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट बाहेर पडतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या, किंवा डिस्क लांब आणि चांगल्या केबलवर ठेवा. राउटरच्याच यूएसबीला डिस्क लावलेल्यांनी पण हे तपासा.

प्रश्न: घरात जुना राउटर आहे, पण तो ३०० पर्यंत चालतो असं त्यावर लिहिलंय. लॅपटॉपच्या वायफायमध्ये लिंक स्पीड कायम ५४ च दिसतो.

राउटरच्या वायफाय सिक्युरिटीत जाऊन बघा, टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी निवडलेलं असणार. त्या जुन्या कुलुपांसोबत नवे वेग चालू द्यायचे नाहीत असा नियमच आहे, म्हणून जोडणी ५४ वर येते. डब्ल्यूपीए २ आणि एईएस निवडा. कुलूपही पक्कं होईल, ही दोन्ही जुनी तशीही फोडता येतात.

प्रश्न: डीएनएस बदलला की स्पीड दुप्पट होतो असं मित्र सांगतो. मी गेम खेळतो, पिंग कमी करायचाय. बूस्टर अ‍ॅप घ्यावं का?

अ‍ॅप नको. ते तुमच्या फोनमधून कंपनीची वायर जाड करू शकत नाही, उलट जाहिराती आणि नको त्या परवानग्या घेऊन बसतं. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी वही. २००९ पासून ८.८.८.८ आणि २०१८ पासून १.१.१.१ अशा मोफत वह्या आहेत, कंपनीची वही मंद असेल तर पान उघडायला सुरुवात लवकर होते, पण डाउनलोडचा वेग किंवा गेममधला पिंग त्याने बदलत नाही. पिंगला एक तळ असतो, काचेच्या धाग्यात प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, सर्व्हर १२ हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२० मिलिसेकंद लागणारच, जगात कुणीही ते कमी करू शकत नाही. जवळचा सर्व्हर निवड, केबल लाव, आणि वर ताईंच्या प्रश्नात बफरब्लोटचं लिहिलंय ते कर, घरात कुणी अपलोड करत असताना तुझा पिंग उडत असेल तर खरा फरक तिथे पडेल.

प्रश्न: मी एकटीच असते. नातीशी व्हिडिओवर बोलायला नेट घेतलंय. दोन-तीन दिवसांनी चित्र थांबायला लागतं, मग मी राउटर बंद करून परत चालू करते, की चालतं. सारखं बंद-चालू करून तो बिघडेल का अशी भीती वाटते.

आजी, बिघडणार नाही, बिनधास्त करा. बंद केल्यावर फक्त अर्धा मिनिट थांबून मग चालू करा. पण मुळात असं का होतं ते शोधूया. राउटरला हात लावून बघा, खूप तापलेला असेल तर त्याच्यावरचा रुमाल किंवा कव्हर काढा आणि भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. बटणाजवळ मागे जी पिन घुसते ती सैल आहे का हेही बघा. एवढ्याने थांबलं नाही तर कुणी घरी येईल तेव्हा त्यांना राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायला सांगा, खूप दिवस चालू राहिला की मेमरी भरून राउटर मंदावणं ही बऱ्याचदा सॉफ्टवेअरमधली चूक असते आणि नव्या आवृत्तीत ती काढलेली असू शकते. पाच-सहा वर्षं जुना असेल तर कंपनीकडे बदलून मागा. नातीशी बोलताना राउटर आहे त्याच खोलीत बसलात तर सगळ्यात चांगलं, खुर्ची तिकडे हलवून घ्या.

प्रश्न: आमच्याकडे फायबर आहे. वायरवर पण स्पीड कधी ८०, कधी १०, मधेच बंद. कंपनीचा माणूस येतो, राउटरशेजारी उभा राहून स्वतःच्या मोबाईलवर टेस्ट करतो, त्यावेळी नेमकं चांगलं येतं आणि "चालतंय की" म्हणून निघून जातो. चौथी खेप झाली. त्याला काय सांगू?

काका, त्याला स्पीड टेस्ट करू नका म्हणावं, ऑप्टिकल पॉवर, म्हणजे धाग्यातून मोडेमपर्यंत किती प्रकाश पोचतोय ते, मोजून दाखवा म्हणावं. त्याच्याकडे त्याचं मीटर असतं, आणि बऱ्याच फायबर मोडेमच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर म्हणून हा आकडा तुम्हालाही दिसतो. बऱ्याच ठिकाणी वापरात असलेल्या मोडेमना -८ ते -२७ डीबीएम एवढ्या पट्ट्यातला प्रकाश कळतो. -२० च्या आसपास असेल तर निश्चिंत, -२६, -२७ असेल तर लाईन काठावर उभी आहे, जरा ऊन-पाऊस, जरा धक्का लागला की तुटणार, आणि तुमचं वर्णन अगदी तसंच आहे.

तो यायच्या आधी तुम्ही स्वतः एक बघून ठेवा. मोडेममध्ये जाणारी ती बारीक पिवळी किंवा पांढरी वायर हाताने मागे मागे शोधत जा, भिंतीच्या कोपऱ्यात, सोफ्याच्या पायाखाली, खिडकीच्या चौकटीत ती कुठे काटकोनात मुडपली आहे का, खिळा मारताना चेपली आहे का, जास्तीची वायर करकचून गुंडाळून बांधली आहे का. काचेचा धागा तीव्र वाकवला की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो, तुटत नाही पण गळतो. वळण आपल्या मुठीपेक्षा लहान नको. मोडेमच्या टोकाचा हिरवा किंवा निळा प्लग मात्र स्वतः काढून बघू नका, त्याच्या तोंडावर बोटाचा डाग किंवा धुळीचा कण बसला तरी आकडा पडतो, आणि त्यातून येणारा लेझर डोळ्यांना दिसत नसला तरी त्यात बघायचं नसतं. तो प्लग त्यालाच त्याच्या क्लीनरने पुसायला लावा, पुसायच्या आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा तुमच्या समोर कागदावर लिहून घ्या, खाली तारीख आणि वेळ टाका, आणि मोडेमवरचा एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचं सांगणारा) लाल दिवा दिवसातून कधी कधी लागतो तेही त्याच कागदावर असू द्या, पाचव्या खेपेला दुसरा माणूस आला तर त्याच्या हातात पहिल्यांदा तो कागद द्या.